मियाँजींचा कस्बा

त्यांची मान सदा वर असायची. बोलायचे आपल्याशी आणि बघायचे आपल्या डोक्यावरून, डोळे बारीक करून, जसं वरून काही पडणार आहे. नवीन माणसाला वाटे, म्हातारा घमेंडी आहे. तसं नव्हतं. उभा जन्म त्यांनी आऱ्याच्या खड्ड्यात काढला होता. सागाचं लाकूड खड्ड्यावर आडवं टाकतात, एक माणूस वर उभा राहतो, एक खाली खड्ड्यात उतरतो आणि दोघं मिळून आरा, म्हंजे लांब करवत, ओढतात. भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यात. मियाँजी जन्मभर खालचेच. डोळे गेले नाहीत, पण लाल झाले ते झाले, आणि मान वर राहिली ती राहिली.

नाव होतं त्यांना, पण गावात कोणी घेत नव्हतं, मग मी आता कशाला घेऊ. सगळे मियाँजी म्हणत. मला चौथीच्या पुढं शाळा नाही. जसं आठवते तसं लिहितो. माझी पार्बता गेल्या माघात गेली. घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून हे लिहिणं. पार्बता असती तर तिनं हे तोंडानंच सांगून टाकलं असतं, माझ्यापेक्षा बरं.

धानोऱ्याकडून जंगलात आत गेलं की चारी बाजूंनी गोंडांची गावं लागतात, मधे मधे आपल्या लोकांची धानाची गावं, आणि या सगळ्यात एक मुसलमानांचा टोला, लहानशी वस्ती. आराटोला. सगळे आरेवाले. कुण्या राजाच्या फौजेतले आम्ही, फौज गेली, आम्ही राहिलो, असं ते सांगत. माझ्या मते कुण्या लाकडाच्या ठेकेदारानं आणून सोडले असतील. घरात हिंदी बोलत, आमच्याशी आमच्यासारखं, गोंडांशी गोंडी. ईदेला शेवया करत आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंगही लावत. एक मातीची मशीद होती, गवतानं शाकारलेली. तिथं शुक्रवारची नमाज मियाँजी पढवत. त्यांच्या आधी त्यांचा बाप पढवत होता.

आता मुद्द्याचं सांगतो. मी तेव्हा तिथं नव्हतो, पण मियाँजींनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की मीच तिथं बसलो होतो असं वाटते. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. चांद्याहून एक मौलवी साहेब आले. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. त्यांनी टोला पाहिला, मशीद पाहिली आणि म्हणाले की इथं जुम्मा होत नाही. शुक्रवारची मोठी नमाज, जिच्या आधी इमाम उभा राहून खुतबा, म्हंजे प्रवचन, देतो, ती शहरात होते, निदान कस्ब्यात. असल्या जंगलातल्या टोल्यात नाही. इथं रोजच्यासारखी दुपारची नमाज पढा.

मियाँजींनी विचारलं, "म्हंजे माझ्या बापानं पढवलेले जुम्मे?"

मौलवी साहेब भले माणूस होते. ते गप्प राहिले.

ते गप्प राहणं मियाँजींना लागलं. बाप गेलेला, बापाच्या मागं उभे राहणारे सगळे गेलेले, मशिदीमागच्या कब्रस्तानात पडलेले. त्या सगळ्यांचे जन्मभराचे जुम्मे फुकट? त्यांनी मौलवी साहेबांचा हात धरला. "कस्बा कायले म्हणते ते सांगा."

मौलवी साहेबांनी सांगितलं. बाजार पाहिजे. माणसाला लागते ते सगळं तिथं मिळालं पाहिजे. वेगवेगळ्या धंद्याचे लोक पाहिजेत. भांडण तोडणारा कोणी हाकिम पाहिजे. आणि नमाजेत इमामाच्या मागं कमीत कमी तीन माणसं.

"तीन तं आहेत," मियाँजी म्हणाले. "बाकीचं आणतो."

मौलवी साहेबांना वाटलं असेल, म्हातारा बोलते. म्हातारा बोलत नव्हता.

मी धानोऱ्याच्या बाजारात मडकी घेऊन बसलो होतो. पार्बता बाजूला. लाल डोळ्यांचा एक म्हातारा आला, मडकं उचललं, टिचकी मारली, कानाशी धरलं.

"कुंभारा, तुझ्या गावात कुंभाराची घरं किती?"

"चार."

"त्यातलं एक उठलं तं कोणाचं अडते?"

"कोणाचंच नाई."

"मंग चाल. माझ्या गावात एकबी नाई."

"कोणतं गाव?"

"आराटोला."

"तो मुसलमानाचा टोला?"

"टोला नाई बे. कस्बा म्हण. आज नाई झाला अजून, पण आतापासून म्हण."

मी हसलो. पार्बता हसली नाही. आमच्या घरी भावांच्या वाटण्या झाल्या होत्या आणि माझ्या वाट्याला गोठा आला होता. त्या गोठ्यातच आमचं पहिलं लेकरू थंडीनं गेलं होतं. तिला त्या घरात परत जायचंच नव्हतं. तिनं विचारलं, "माती कशी आहे तिथली?"

म्हाताऱ्यानं उपरण्याची गाठ सोडली. आत मातीचा गोळा होता. घेऊनच हिंडत होता. पार्बतानं तो बोटांत चुरला, जिभेवर ठेवला, थुंकली.

"खडा कमी आहे," ती म्हणाली. "आणि विहीर?"

"एकच आहे."

"मंग मी आधी भरीन, मागून तुमच्या बायका भरतीन."

"भर ना बाई. पाणी कुठी पळून राह्यलं?"

तसंच झालं. पहिला उन्हाळाभर ती आधी भरायची. मग पुढं कोण आधी आणि कोण नंतर ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तिच्याही नाही.

मला पहिलं काम मिळालं ते मशिदीच्या कवेलूंचं, म्हंजे छपरावरच्या कौलांचं. कस्ब्याची मशीद गवताची कशी चालेल? मी आवा लावला, कवेलू भाजले, मियाँजी स्वतः छपरावर चढून एकेक बसवत होते. खालून कवेलू देताना मी पाहिलं, जन्मात पहिल्यांदा हा माणूस खाली बघून राह्यला होता. मान दुखली म्हणून उतरले.

मग सिरोंचाकडून एक कोमटी आणला. मीठ, तेल, तंबाखू विकणारा. त्याला धड मराठी येत नव्हती, मियाँजींना तेलगू येत नव्हती. दोघं दिवसभर एकमेकांना शिव्या देत आणि दोघांना वाटे समोरचा चांगलं बोलून राह्यला. लोहार आणला, तो वाघाला भिऊन चार महिन्यांत पळाला. मग दुसरा आणला. हाकिम कुठून आणायचा? जंगल खात्याचा नाकेदार होता. मियाँजींनी त्याच्यासाठी सागाची खुर्ची केली, चिंचेखाली ठेवली आणि त्याला सांगितलं, "साहेब, शुक्रवारी इथी येऊन बसत जा. कोणी भांडलं तं तोडा. नाई भांडलं तं नुसते बसा."

"मले काय भेटंन?"

"कोंबडी."

नाकेदार येऊ लागला. कोंबडी एका शुक्रवारीही चुकली नाही. भांडणं मात्र चुकत. तेव्हा मियाँजी मला आणि कोमट्याला म्हणत, "भांडा ना रे जरा. साहेब रिकामे बसून आहे."

बाजार शुक्रवारीच काऊन, तर बाकीचे सगळे वार आजूबाजूच्या गावांनी धरून ठेवले होते. शुक्रवार तेवढा मोकळा होता. मियाँजींना तर तो अल्लानंच राखून ठेवलेला वाटला. सुरुवातीला कोणी आलं नाही. मी, कोमटी, लोहार, खुर्चीवर नाकेदार. आम्हीच एकमेकांचं घेत होतो. मग मोहफुलाच्या दिवसांत गोंडबाया टोपल्या घेऊन उतरल्या, मीठ घेऊन गेल्या, आणि पुढच्या शुक्रवारी त्यांच्या गावच्या आणखी आल्या. डिंक आला, चारोळी आली, मासे आले. दोन वर्षांत चिंचेखाली जागा पुरेना.

आणि तिथंच घोळ झाला. दुपारी अजान झाली की मुसलमानानं विकणं-घेणं सोडून नमाजेला जायचं, असं त्यांच्या किताबात आहे. पण बाजाराची खरी वेळ तीच. आरेवाल्यांच्या बायका कोंबड्या, अंडी घेऊन बसत, माणसं पाट, खाटेचे पाय विकत. ते उठून गेले की गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जाई. अजान झाली तरी एक-एक जण मान खाली घालून तिथंच बसून राहू लागला. ज्या जुम्म्यासाठी बाजार आणला, तो जुम्माच बाजारानं खाल्ला, असं होऊ लागलं. एका शुक्रवारी मियाँजींच्या मागं मोजून तीन उभे राहिले. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

पुढच्या शुक्रवारी ते हातात काठी घेऊन बाजारभर फिरले. "अजान झाली की सगळेच थांबा. हिंदू, गोंड, कोमटी, सगळे. थोड्या वेळासाठी. मंग कोणाचं नुकसान नाई."

कोमटी तेलगूत ओरडला. गोंडबाया पदर तोंडाला लावून हसल्या. लोहार म्हणाला, "मियाँजी, तुमचा देव, आमी काऊन थांबू?"

मियाँजी काठी टेकून उभेच राहिले, वर बघत.

तेवढ्यात अजान झाली आणि पार्बतानं एक पोतं उचललं आणि आमच्या मडक्यांवर टाकलं. मडक्यांवर कोणी पोतं टाकत नाही. मडकं काय उडून जाते? ती म्हणाली, "मी तं पाठ टेकते बाप्पा. सकाळपासून बसून कंबर गेली. ज्याले मडकं पाहिजे त्यानं बसावं." आणि ती खरंच आडवी झाली. शेजारची मासेवाली म्हणाली, "हो ना बाई, उन्हात कोण मरते," आणि तिनं टोपलीवर पळसाची पानं झाकली. मग एकेकानं झाकलं. कोमट्यानं सगळ्यात शेवटी, शिव्या देत.

बाजार थांबला. एवढा मोठा बाजार गप्प झाला की मशिदीतला खुतबा चिंचेखाली ऐकू येत होता. समजत कोणालाच नव्हता.

काठीचं सांगायचं राहिलं. खुतबा देताना हातात काठी धरायची त्यांची रीत. बापाची काठी होती, तिला वाळवी लागली. माझ्या चाकाची दांडी त्यांच्या डोळ्यात भरली. चाकाच्या खाचेत घालून चाक फिरवायची दांडी, बांबूची, भरीव, हाताच्या घामानं काळी पडलेली. "शुक्रवारापुरती दे," म्हणाले. नेली. नमाज झाल्यावर धुऊन आणून दिली. पुढच्या शुक्रवारी परत नेली. मी म्हटलं, दुसरा बांबू तोडून देतो. नाही म्हणाले. "हिले वजन आहे. हातात धरली की शब्द विसरत नाई मी." मग शुक्रवारी माझं चाक बंद.

पार्बता त्यांना चिडवायची. "मियाँजी, दांडीसंग निकाहच लावून घ्या ना. रोजची ने-आण कायले?"

"निकाह लावला अन् ती म्हणाली का मी माहेरी जातो, तं मी खुतबा काय झाडू धरून वाचू?"

मौलवी साहेब परत आले ते बाजाराच्याच दिवशी. बैलगाडीतून उतरले आणि उभेच राहिले. मियाँजींनी त्यांना हाताला धरून फिरवलं. हा कुंभार. हा लोहार. हा बनिया, मद्रासी बोलते पण तोलते बरोबर. हे हाकिम. नाकेदार खुर्चीतून उठून उभा राहिला, कोंबडी बगलेत. मग अजान झाली, आणि सगळ्यांनी पोती टाकली, पानं टाकली, आणि मौलवी साहेबांनी ते पाहिलं. त्यांचे डोळे भरले.

"मियाँ, एवढं सगळं एका नमाजेसाठी?"

"नमाजेसाठी नाई साहेब. हे बगा, कस्बा आहे का नाई, तेवढं सांगा."

"आहे."

"मंग पहिलेपासूनच असंन. दिसत नसंन. माझा बाप चुकला नाई म्हंजे."

मौलवी साहेब म्हणाले, "तुझा बाप चुकला नाही."

त्या दिवशी मियाँजींच्या मागं मशीद भरून बाहेर अंगणात माणसं होती. तेवढं सुख त्या म्हाताऱ्यानं पाहिलं. मी हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं काही सांगण्यासारखं चांगलं नाही.

बाजार वाढला तसा रस्ता आला. रस्ता आला तसा ट्रक आला. ट्रकातून एक ठेकेदार उतरला, त्यानं चांगला चालता बाजार पाहिला, पाणी पाहिलं, सरळ रस्ता पाहिला, आणि टोल्याच्या कडेला लाकूड कापायचं मशीन बसवलं. इंजिनावर पट्टा, पट्ट्यावर गोल आरा. दोन माणसं खड्ड्यात आठवडाभर घाम गाळून जेवढं कापत, ते मशीन जेवणाच्या आधी कापून फेकायचं. खड्डे रिकामे झाले. पावसाचं पाणी भरलं, त्यात बेडकं झाली.

आरेवाले हात बांधून बसले. मियाँजी म्हणाले, "कस्ब्यात मशीन तं येईनच." दुसरं काय म्हणणार? त्यांनीच बोलावला होता कस्बा.

त्यांचा एकच मुलगा. बापासारखा खालचा न होता वरचा आरेवाला झाला होता, आणि त्याचा बापाला अभिमान होता. तो मशीनवर लागला. घरात लहान लेकरं होती, काय करणार. पावसाळ्याच्या तोंडी एक ओंडका आऱ्यावरून उलटा त्याच्या अंगावर आला. त्याला उचलून आणलं तेव्हा मी चाकावर होतो. मला कोणी सांगितलं नाही. मियाँजी स्वतः दारात आले, वर बघत, आणि म्हणाले, "कोरे मटके दे. दोन."

गावात मरण झालं की आधी माझ्याकडे येत. मुसलमानाच्या मयताला धुवायला कोरा मटका लागते, आपल्या मयताला खांद्यावर मडकं लागते. कोण चाललं ते कुंभाराला सगळ्यांच्या आधी कळते. मी मटके दिले. पार्बता त्यांच्या मागं मागं गेली, सुनेजवळ बसायला. रात्र तिथंच काढली तिनं.

शुक्रवारी मियाँजी दांडी न्यायला आले. मी म्हटलं, "मियाँजी, आज राहू द्या." ते म्हणाले, "मागचे लोक काय करतीन मंग?" त्या दिवशी खुतब्यात ते मधेच थांबले. शब्द विसरले. बाजारात सगळ्यांना कळलं, कारण आवाज थांबला. खूप वेळानं परत सुरू झाला.

सून लेकरं घेऊन माहेरी गेली, वरोऱ्याकडं. मग बाकीचे निघाले. कोणी कागदाच्या गिरणीत, कोणी कोळशाच्या खाणीत, कोणी नागपूरला. एका गाडीत दोन-दोन घरं. मशीनवर ठेकेदारानं बाहेरची माणसं आणली. त्यांच्या झोपड्या रिकाम्या घरांच्या जागी झाल्या. टोला मोठा झाला, दिवे लागले, चहाचं दुकान झालं, सायकलवाला आला. खरोखरचा कस्बा झाला. फक्त मियाँजींच्या मागची रांग आखूड होत गेली.

शेवटी तीनच उरले. एक लंगडे चाचा, एक बहिरा कल्हईवाला आणि मियाँजींचा भाचा. तीन पुरतात. मियाँजी गुरुवारपासून त्या तिघांच्या मागं लागत. चाचाला ताप आला की स्वतः काढा करून पाजत. कल्हईवाल्यानं दुसऱ्या गावाला जायचं म्हटलं की त्याचा भाता लपवून ठेवत. भाचा म्हणे, "मामू, तुमी आमाले नमाजेसाठी जगवून राह्यले."

"मंग? फुकट जगवू काय?"

कल्हईवाल्याचा मुलगा एका दिवशी आला आणि बापाला घेऊन गेला. बहिऱ्याला कळलंच नाही कुठं चालला ते. गाडीतून हात हलवत होता, उद्या येतो असा.

मी त्या शुक्रवारी सकाळी मियाँजींकडं गेलो. म्हटलं, "मी उभा राहतो मागं. काही बोलणार नाई. तुमी वाकले का वाकीन. तीन होतीन."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं, डोक्यावरून नाही, डोळ्यात. हसले.

"तू उभा राहशील बे. तू तं मनापासून राहशील. पण मले मोजता येते ना. मी बापाचे जुम्मे खरे करून घेतले, आता माझा खोटा करू?"

दुपारी ते आले. हातात दांडी होती, धुतलेली. नमाजेच्या आधीच. मी आणि पार्बता चिंचेखाली मडक्यांपाशी बसलो होतो.

"घे," म्हणाले. "आता नाई लागत. घरी जा, चाक फिरव."

मग ते बाजारात फिरू लागले. एकेकाला सांगत, "आज जुम्मा नाई. थांबू नका. विका, विका." कोमट्याला सांगितलं, मासेवालीला सांगितलं, त्या नवीन चहावाल्याला सांगितलं. तेवढ्यात भाच्यानं अजान दिली, रोजची. पार्बतानं पोतं उचललं आणि मडक्यांवर टाकलं.

"बाई, नाई म्हनलं ना मी."

"माझी कंबर दुखते मियाँजी. तुमचं काय जाते?"

मासेवालीनं पानं टाकली. कोमट्यानं तराजू उलटा ठेवला. ते म्हणत राहिले, "चालू ठेवा, चालू ठेवा," आणि जिकडं बघावं तिकडं माणसं झाकून राह्यली. मग ते बोलायचे थांबले. भर बाजारात उभे राहिले, मान वर, डोळे बारीक. मशिदीतून आवाज नव्हता. कस्ब्याचा पूर्ण बाजार रिकाम्या मशिदीसाठी गप्प बसला होता. मग ते हळूहळू आत गेले, रोजच्यासारखी दुपारची नमाज पढायला.

मी घरी येऊन दांडी चाकात घातली नाही. पार्बता म्हणाली, "आज नको." पुढच्या शुक्रवारीही नाही म्हणाली. मग आमच्या घरी शुक्रवारी चाक बंदच राहिलं, ते मी काम सोडेपर्यंत.

पुढच्याच पावसाळ्यात ते गेले. नदी-नाले भरलेले, रस्ता तुटलेला, वरोऱ्याला सुनेला निरोप कसा पाठवणार. भाचा मटके न्यायला आला. मी दोन दिले, चांगले भाजलेले. त्यानं आणि लंगड्या चाचानं मिळून धुतलं. कबर मी, कोमट्याचा मुलगा आणि दोन गोंडांनी खोदली. खणू तितकं पाणी लागत होतं. जनाज्याच्या नमाजेला भाचा पुढं उभा राहिला, मागं चाचा काठी टेकून. मग कोमटी जाऊन चाचाच्या बाजूला उभा राहिला. मग लोहार. मग मी. मागं बाजारातले जितके आले होते तितके उभे राहिले, भर पावसात, कोणाला काही येत नव्हतं. त्या वेळी कोणी मोजलं नाही.

आता आराटोल्यात मुसलमानाचं एक घर नाही. भाचाही गेला. मशिदीवर माझे कवेलू आहेत, अर्धे फुटले. बाजार मात्र मोठा भरतो. चारी दिशेनं लोक येतात, आणि दुपारी थोडा वेळ दुकानं झाकून बसतात. नवीन पोरांना वाटते ही जेवायची सुट्टी आहे.

पार्बता शेवटपर्यंत पोतं टाकायची, मडकी नसली तरी. आम्ही मडकी करणं सोडलं तेव्हा ती वांगी, मिरच्या घेऊन बसायची. तिच्या मयताला मडकं मला विकत आणावं लागलं. कुठल्या तरी लांबच्या कुंभाराचं, कच्चं भाजलेलं. हातात धरलं तेव्हाच कळलं. काय करणार, माझा आवा कधीचा थंड.

परवा शुक्रवारी मी तिच्या जागेवर बसलो, तिच्या उरलेल्या वाळक्या मिरच्या घेऊन. ऊन वर आलं. अजान द्यायला कोणी नाही, पण वेळ कळते. मी पोतं उचललं आणि टाकलं. शेजारी चपलांचं दुकान लावलेला एक परगावचा माणूस होता. म्हणाला, "काऊन झाकलं बाबा? गिऱ्हाईक तं आता येऊन राह्यलं."

मी म्हटलं, "कस्बा आहे हा."

त्याला काही कळलं नाही. पण त्यानं आजूबाजूला बघितलं आणि चपलांवर चादर टाकली.